वॉर्डात मागे काय उरतं?

नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयात प्रबंधांचं एक कपाट असतंच. काळं नाहीतर मरून बाइंडिंग, पाठीवर सोनेरी अक्षरं. कुठलाही प्रबंध काढा, शीर्षक बहुधा एकाच साच्यातलं निघतं: निवडक शहरातल्या निवडक रुग्णालयांतील अमक्या गटाच्या तमक्या विषयाच्या ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता. अमक्याच्या जागी माता, स्टाफ नर्स, शाळकरी मुली, आशाताई. तमक्याच्या जागी स्तनपान, हात धुणं, मधुमेह. आधी प्रश्नावली, मग फ्लिपचार्ट लावून व्याख्यान, आठवड्यानं पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढलेले असतात. न वाढून करतात काय? उत्तरं सांगून झाल्यावरच तर प्रश्न पुन्हा विचारलेले असतात. टी-टेस्ट लागते, पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येते, बाह्य परीक्षक मान डोलावतात आणि प्रबंध कपाटात जातो.

ज्या स्टाफ नर्सचं हात धुण्याबद्दलचं ज्ञान असं वाढलं, तिच्या वॉर्डातल्या बेसिनवर साबण आहे का, हे मात्र त्या प्रबंधात शोधू नये.

याचा दोष मुलींना देण्यात अर्थ नाही. साचा त्यांनी बनवलेला नाही, आणि वेळेत पास व्हायचं तर त्याहून सुरक्षित वाट नाही. पण या साच्याच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. वॉर्डात जे चुकतं ते कुणाला तरी माहिती नाही म्हणून चुकतं, तेव्हा माहिती दिली की सुधारेल, अशी ती समजूत. वॉर्डात चार दिवस काढलेल्या कुणालाही हे पटणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये हात धुण्याचे पाच क्षण सांगितले, त्यांचं पोस्टर आज तालुक्याच्या रुग्णालयातही भिंतीवर दिसतं. माहितीचा दुष्काळ नाही. अडतं ते दुसरीकडे, आणि कुठे अडतं हे शोधण्याचं प्रशिक्षण आपण नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना जवळजवळ देतच नाही.

इतर देशांत हा विचार पूर्वीच सुरू झाला. अमेरिकेत २००५ पासून परिचर्या शिक्षणात गुणवत्ता आणि सुरक्षितता आणण्याचा एक मोठा उपक्रम उभा राहिला आणि पुराव्यावर आधारित काम व गुणवत्ता सुधारणा ही दोन्ही कौशल्यं प्रत्येक नर्सकडे हवीत, असं त्यानं ठरवलं. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलनं २०१८ च्या निकषांत सेवेचा दर्जा सुधारण्याला स्वतंत्र स्थान दिलं. आपणही अगदी कोरे नाही. दिल्लीचं एम्स आणि जागतिक आरोग्य संघटनेचं आग्नेय आशिया कार्यालय यांनी मिळून रुग्णाच्या खाटेपाशीच सुधारणा करण्याची एक साधी, चार पायऱ्यांची पद्धत तयार केली: प्रश्न निवडा आणि गट बांधा, कारण शोधून मोजा, छोटा बदल करून पाहा, टिकला तर रुजवा. २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमानं प्रसूतिगृहांच्या दर्जाची मोजमापं ठरवली. पण हे सगळं नोकरीतल्या स्टाफसाठी. त्याच प्रसूतिगृहात पोस्टिंगला आलेली विद्यार्थिनी कोपऱ्यात उभी राहून जर्नलमध्ये केसेस भरत असते.

सुधारणेचा प्रकल्प आणि प्रबंध यांत फरक काय, हे उदाहरणावरून लवकर कळतं. एका जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी घेतलेला प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक होता. इंट्राकॅथच्या पट्टीवर ती कधी घातली याची तारीख-वेळ नसते. नातेवाईक जिला सलाईनची सुई म्हणतात, तीच ही. ती फार दिवस राहिली की शीर लाल होते, सुजते, दुखते. कधी जंतुसंसर्ग रक्तात उतरतो. मुली रोज सकाळी पाळी बदलताना होणाऱ्या ओव्हरनंतर खाटांमधून फिरायच्या आणि एका कागदावर खुणा करायच्या: खाट क्रमांक, कुठला हात, तारीख आहे की नाही, लाली, सूज. बहुतेक पट्ट्या कोऱ्या निघाल्या. ट्यूटरकडे उपाय तयारच होता, स्टाफला क्लास घेऊ या. इनचार्ज सिस्टरनं तो तिथल्या तिथे उडवला. "क्लास मीच घेते की दर महिन्याला. तारीख टाकायची असते हे आमच्या मावशींनाही पाठ आहे."

मग मुलींनी पट्टी पाहायचं सोडून ती लागते कुठे ते पाहिलं. बहुतेक इंट्राकॅथ वॉर्डात घातल्याच जात नव्हत्या. त्या कॅज्युअल्टीत, रात्री, घाईत घातल्या जात होत्या. इंटर्नच्या ग्लोव्ह्जना रक्त लागलेलं, पेन ॲप्रनच्या आतल्या खिशात, पुढचा पेशंट दारात. रुग्ण स्ट्रेचरवरून वर येईपर्यंत ती कधी घातली हे सांगणारं कुणी सोबत नसायचं. आणि नाइट ड्यूटीच्या सिस्टरनं अंदाजानं तारीख का टाकावी? चुकीची निघाली तर जबाब तिलाच द्यावा लागणार. म्हणजे कोरी पट्टी हा निष्काळजीपणाचा पुरावा नव्हता. बरेचदा ती प्रामाणिकपणाची खूण होती. प्रश्नावली वाटून हे कधीच कळलं नसतं.

उपाय निघाला तोही तितकाच साधा. मायक्रोपोरच्या पट्ट्या आधीच कापून, तारीख टाकून कॅज्युअल्टीच्या ट्रेच्या कडेला चिकटवून ठेवायच्या, घालणाऱ्यानं फक्त वेळ लिहायची. पहिल्या रात्री पट्ट्या कमी पडल्या. पुढच्या खेपेला मध्यरात्रीनंतरही आदल्या दिवसाच्याच पट्ट्या वापरल्या गेल्या, हे तर कोऱ्या पट्टीपेक्षा वाईट. शेवटी नाइटच्या ब्रदरनं सांगितलं की बाराच्या ठोक्याला उरलेल्या पट्ट्या फेकायच्या आणि नव्या कापायच्या, ते काम माझं. असा बदल कुठल्या पुस्तकात सापडत नाही आणि सापडला तरी दुसऱ्या रुग्णालयात जसाच्या तसा चालेल याची हमी नाही.

यात पुरावा कुठे आला, असं कुणी विचारील. त्याच मुलींपैकी एकीनं विचारलेला प्रश्न त्याहून चांगला होता: तारीख हवीच कशाला? जुनी रीत होती की बहात्तर ते शहाण्णव तासांनी इंट्राकॅथ बदलायचीच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या तीन रुग्णालयांत ३,२८३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तिसऱ्या दिवशी ठरवून बदलणं आणि गरज पडली तरच बदलणं, या दोन्ही गटांत शिरेला सूज येण्याचं प्रमाण सारखंच निघालं, ७ टक्के. उगाच टोचायला नको, खर्चही वाचला. अनेक मार्गदर्शक तत्त्वं त्यानुसार बदलली. पुढे २०२१ मध्ये जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांनी आपला अनुभव मांडला. त्यांनी ठरावीक वेळेला बदलण्याची रीत सोडली, तेव्हा रक्तातला संसर्ग वाढला. जुन्या रीतीवर परतले, तेव्हा तो उतरला.

आता कुणाचं मानायचं? गरज पडली तर बदला, या सल्ल्यात एक अट न लिहिता आलेली आहे: गरज पडली आहे का हे प्रत्येक पाळीत कुणीतरी पाहतं. जिथे रात्री एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो, तिथे गरज पडल्याचं कळतं ते रुग्ण ओरडल्यावर. अशा वॉर्डात तारखेची पट्टी ही निदान एक कुंपण आहे. ऑस्ट्रेलियाचा निष्कर्ष खोटा नाही, पण तो ज्या वॉर्डात उभा राहिला तिथली माणसं आणि त्यांची संख्या त्याच्यासोबत आपल्याकडे आलेली नाही. वर्गात पुराव्याचा पिरॅमिड फळ्यावर काढून हे शिकवता येत नसावं. खाटेपाशी उभं राहून, हातात लेख घेऊन, एखादीला प्रश्न पडला तरच ते उमगतं. प्रकल्पातून विद्यार्थ्याला मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट मला हीच वाटते. पट्ट्यांवर तारखा आल्या हे त्यानंतरचं.

आता थोडं अवघड बोलू. विद्यार्थिनी वॉर्डात सगळ्यांत खालच्या पायरीवर असते. मावशीही तिला काम सांगते. नवखेपणामुळे तिला जे दिसतं ते वीस वर्षं तिथे असलेल्यांना दिसेनासं झालेलं असतं, ही तिची ताकद. पण दिसलेलं बोलून दाखवायचं तर ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांचीच सही जर्नलवर हवी असते. मग ती असा प्रश्न निवडते की ज्यानं कुणी दुखावणार नाही. त्यातूनच ते फ्लिपचार्ट येतात. साचा आळसातून आला असं आपण म्हणतो. माझ्या मते तो भीतीतून आलेला आहे.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या अतिदक्षता विभागांचं उदाहरण सगळीकडे दिलं जातं. मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच गोष्टींची यादी तिथे केली: हात धुणं, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडिननं त्वचा साफ करणं, जांघेतली शीर टाळणं, गरज संपली की नळी काढणं. १०३ अतिदक्षता विभागांची आकडेवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. दर हजार नळी-दिवसांमागे संसर्गाचं मध्यक प्रमाण २.७ होतं, ते तीन महिन्यांत शून्यावर आलं. आपल्याकडे या गोष्टीतून चेकलिस्ट उचलली गेली, फायलींना जोडलीही गेली. तिच्या जोडीची दुसरी गोष्ट मागेच राहिली. यादीतली पायरी डॉक्टरनं चुकवली तर नर्सनं त्याला तिथेच थांबवावं, असा अधिकार तिला दिला होता आणि त्यात वरिष्ठ तिच्या पाठीशी उभे होते. आपल्या वॉर्डात ही मुभा स्टाफ नर्सलाही नाही, विद्यार्थिनीची गोष्टच सोडा. अधिकार नसलेली चेकलिस्ट हा आणखी एक भरायचा कागद, बाकी काही नाही. दर्जाच्या मानांकनाची तपासणी जवळ आली की असे कागद कसे भरले जातात, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

म्हणून प्रकल्प विद्यार्थिनीचा असू नये, वॉर्डाचा असावा. प्रश्न इनचार्ज सिस्टरनं सुचवावा, मोजणी मुलींनी करावी. आकडे वॉर्डाबाहेर नेताना कुणाचंही नाव नको, आणि ते आधी स्टाफसमोर ठेवावेत, ट्यूटरसमोर नंतर. पोस्टिंग तीन-चार आठवड्यांचं असतं, तेवढ्यात काही रुजत नाही. पण नर्सिंगला एक सवय जन्मजात आहे: पाळी संपली की रुग्णाची ओव्हर द्यायची. प्रकल्पाचीही तशी ओव्हर देता येते. जानेवारीच्या बॅचनं काढलेला आलेख फेब्रुवारीच्या बॅचनं पुढे न्यायचा. इथे कॉलेजची एक अट आडवी येते. प्रत्येक गटाचा विषय नवा हवा. विषय नवा हवा म्हणून दर वर्षी नवी प्रश्नावली येते आणि जुनी कोरी पट्टी तशीच राहते.

आलेखाबद्दल एक सांगायला हवं. मुलींना काय-स्क्वेअर येतो, टी-टेस्ट येते. पण रोजचा एक ठिपका मांडून तीस दिवसांची रेघ कशी वाचायची, हे कुणी शिकवत नाही. ते गणित सहावीच्या पलीकडचं नाही. आधी आणि नंतर अशा दोन सरासऱ्या काढल्या की मधलं सगळं बुजून जातं. ठिपके मांडले की ते बोलायला लागतात: रविवारी खाली, नाइटला खाली, इन्स्पेक्शनच्या दिवशी एकदम वर.

आणि इथेच प्रकल्प नकोसा होऊ लागतो. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष अध्यापन रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक नर्स आणि सामान्य रुग्णालयांत पाचामागे एक असा आहे. सरकारी वॉर्डात रात्री फेरी मारून खाटा आणि सिस्टर मोजायला कुणालाही बंदी नाही. ठिपके ज्या पाळ्यांत घसरतात, त्याच पाळ्यांत माणसं कमी असतात, हे मुलींच्या कागदावर दिसू लागतं. मग अहवालाच्या शिफारशीत काय लिहायचं? बहुतेक वेळा लिहिलं जातं, 'स्टाफचं प्रशिक्षण वाढवावं'. गुणवत्ता सुधारणेवर घेतला जाणारा हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. रिकाम्या जागांचं ओझं ती हजर असलेल्यांच्या निष्काळजीपणात रूपांतरित करू शकते, आणि विद्यार्थ्यांच्या हातून हे झालं तर ती भाषा ते नोकरीतही सोबत नेतात. आक्षेप खरा आहे, पण त्यासाठी मोजणं थांबवून फायदा व्यवस्थेचाच. तीस दिवसांचा ठिपक्यांचा कागद अधीक्षकांच्या दर्जा समितीपुढे गेला तर त्याच्या शेजारी ड्यूटी रोस्टर ठेवलाच पाहिजे, एवढं इनचार्ज सिस्टर आणि ट्यूटर मिळून करू शकतात. जागा त्यानं लगेच भरल्या जाणार नाहीत. पण प्रशिक्षणाची शिफारस निदान तेवढ्या सहजपणे लिहिली जाणार नाही.

विद्यार्थ्यांवर आधीच कामाचा बोजा आहे, रुग्णालयं त्यांना फुकटचे हात म्हणून वापरतात, त्यात हे आणखी कशाला, असंही म्हटलं जातं. पहिल्या वर्षाला हे लादू नये, मान्य. शेवटच्या दोन वर्षांत मात्र तीन-चार जणींच्या गटानं सकाळी थोडा वेळ मोजणी करणं हे शंभर पानी प्रबंध टाइप करण्यापेक्षा नक्कीच हलकं आहे.

परीक्षेचे नियम बदलायचे तर फार बदलायला नकोत. नव्या विषयाची अट काढावी. आधीच्या बॅचचा आलेख पुढे नेणाऱ्या गटाला पूर्ण गुण मिळावेत. बदल फसला आणि तो कसा फसला हे नीट लिहिलं, तरी मिळावेत. तोंडी परीक्षा वॉर्डात व्हावी, इनचार्ज सिस्टर समोर असताना. बाह्य परीक्षकांनी पहिला प्रश्न तिला विचारावा: गेल्या वर्षीच्या मुलींनी केलेलं अजून चालू आहे का? चालू असेल तर तिनं दाखवावं. बंद पडलं असेल तर कधी आणि कशानं, हे पुढच्या गटानं लिहून घ्यावं. त्यांचा विषय ठरला.