आधी निकाल, मग चौकशी?

सरावासाठी दिलेल्या विभागीय चौकशीचे तुमचे अहवाल मी वाचले. अक्षर चांगलं, परिशिष्टं लावलेली, शिक्के जागच्या जागी. पण चौकशी एकानेही केलेली नाही. ‘शिपाई पूर्वीपासूनच बेशिस्त आहे’ असं बहुतेकांनी पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. एकही साक्षीदार तपासण्याआधी हे तुम्हाला कळलं कसं? आणि ते जर दोषारोपपत्रात नव्हतं, तर त्या माणसाने त्याला उत्तर तरी कधी द्यायचं?

प्राथमिक चौकशीतले जबाब तुम्ही जसेच्या तसे उतरवलेत. जबाब देणाऱ्यांना समोर बोलावलं नाही, शिपायाला उलटतपासणी घेऊ दिली नाही, आणि खाली लिहून मोकळे झालात, ‘आरोप सिद्ध’. कशाच्या आधारावर सिद्ध?

दिल्ली पोलिसांतल्या एका शिपायाचं प्रकरण याच वर्गात शिकवलं होतं. मजुरांच्या थकलेल्या मजुरीपोटी मालकिणीकडून 1000 रुपये घेतले, मजुरांना 800 दिले आणि 200 स्वतःकडे ठेवले, असा त्याच्यावर आरोप. ज्यांचे पैसे बुडाले म्हणायचे, ते मजूर चौकशीत साक्षीला आलेच नाहीत. मालकिणीच्या साक्षीतूनही आरोपाला आधार मिळाला नाही. तरी बडतर्फी झाली. खालून वरपर्यंत एकाही अधिकाऱ्याला ‘पुरावा कुठाय?’ असं विचारावंसं वाटलं नाही. डिसेंबर 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली. दोनशे रुपयांच्या, पुराव्याने न टिकलेल्या आरोपापायी एका माणसाला नोकरीसाठी देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत जावं लागलं. याची लाज वाटायला हवी, आणि ती फक्त दिल्लीकरांना नव्हे.

आता मला सर्वांत जास्त राग कशाचा आला ते सांगतो. ‘कसूरदाराने बचावाचे साक्षीदार देण्यास नकार दिला’ असं लिहून तुम्ही पुढे गेलात. तो का नकार देतो, याचा विचार केलात? साक्षीदार त्याच्याच ठाण्यातले. आरोप मांडणारा अधिकारी त्याच खात्यातला. चौकशी करणारे तुम्ही, ज्यांना तो रोज सॅल्यूट करतो. तुम्ही कागद पुढे सरकवून ‘कर सही’ म्हणालात की तो सही करणारच. उद्या त्याची बदली, रजा, हजेरी तुमच्यासारख्यांच्याच हातात असते. त्या सहीला संमती समजू नका. त्याला कागदपत्रांच्या प्रती द्या, वाचायला वेळ द्या, मदतीला सहकारी घेता येतो हे सांगा. त्याने मागितलं नाही, हे तुमचं उत्तर असू शकत नाही. सांगणं हे तुमचं काम आहे.

मागून कोणीतरी पुटपुटलं, ‘पण सर, तो खरंच लाचखोर असला तर?’ मग तर प्रत्येक पायरी अधिक काटेकोरपणे पाळा! खरा लाचखोर तुमच्या आळशीपणामुळेच सुटतो. उलटतपासणी नाकारलीत, कागद दडवलेत, की तो न्यायाधिकरणात जातो आणि आदेश रद्द होऊन पुन्हा त्याच ठाण्यात रुजू होतो. ज्या नागरिकाने धीर करून तक्रार दिली, त्याच्यासमोर.

राज्यघटनेचं कलम 311 पोलीस शिपायालाही लागू आहे. बडतर्फ करायचं, सेवेतून काढायचं किंवा पदावनत करायचं, तर आरोप सांगून बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यावीच लागते. चौकशी व्यवहार्य नसेल तर ती टाळता येते, हे 1985 मध्ये न्यायालयाने मान्य केलंय. पण त्याची कारणं लेखी हवीत आणि ती खरी हवीत. ‘साक्षीदार घाबरतील’ एवढं ठोकून देणं म्हणजे कारण नव्हे. चौकशी अधिकारी वेगळा असेल तर त्याच्या अहवालाची प्रत शिक्षा ठरण्याआधी कर्मचाऱ्याला मिळालीच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे 1993 मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा तुमच्यातल्या अनेकांचा जन्मही झाला नव्हता. इतक्या वर्षांनी अज्ञानाची सबब चालणार नाही.

आणि ज्या प्रकरणात तुम्ही स्वतः तक्रारदार किंवा साक्षीदार आहात, त्याची चौकशी तुमच्याकडे आली, तर वरिष्ठांना लेखी कळवा आणि बाजूला व्हा.