मत कुणाचं, दाखवायचं कुणाला?

आमदार निवडून आला की मतदार उरत नाही, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्याची खरी वजनदार मतं तिथूनच सुरू होतात. राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ खासदार तोच पाठवतो, विधान परिषदेच्या ७८ पैकी ३० जागा तोच भरतो आणि राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्याच्या एका मताचं मूल्य १७५ असतं. तेही १९७१ च्या लोकसंख्येवर!

हे मत नेमकं कुणाचं, याचं उत्तर मात्र काळानुसार बदलत गेलं. १९०१ मध्ये फिरोजशहा मेहतांच्या जागी गोखले व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले, ते मुंबई कौन्सिलच्या मूठभर बिनसरकारी सभासदांच्या पसंतीने. तिथे पक्षादेश काढणारं कुणी नव्हतं. माणूस पाहून मत द्यायचं, एवढंच.

१९४६ मध्ये संविधान सभेचे सभासद प्रांतिक विधानसभांनी निवडले, तोवर चित्र पालटलं होतं. मुंबईतून डॉ. आंबेडकरांना वाट मिळाली नाही. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या खटपटीने ते बंगालमधून निवडून गेले आणि फाळणीत ती जागाही गेली. मग १९४७ च्या जूनअखेरीस संविधान सभेचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांचं पत्र मुंबई सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर यांच्याकडे आलं आणि मु. रा. जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर मुंबईच्याच विधानसभेने बाबासाहेबांना निवडून दिलं. विधानसभा तीच, बहुमत काँग्रेसचंच. बदलला तो वरून आलेला निरोप. निकाल देशाच्या भल्याचा लागला, म्हणून त्यातली गोम नजरेआड करू नये.

तरीही राज्यघटनेनंतर अर्धशतकभर राज्यसभेचं मतदान गुप्तच राहिलं. २००३ च्या दुरुस्तीने ते उघड झालं. पैशाच्या जोरावर मतं फुटतात, हे कारण. आणि ते खोटं नव्हतं. उमेदवार त्या राज्यातला मतदार असण्याची अटही त्याच वेळी गेली. पत्रकार कुलदीप नायर यांनी दोन्ही बदलांना आव्हान दिलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. आता आमदार जांभळ्या पेनाने नावांपुढे १, २ असे पसंतीचे आकडे लिहितो आणि पेटीत टाकण्याआधी मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो. विरोधात मत दिलं म्हणून पक्ष त्याला हाकलू शकतो, पण त्याची आमदारकी जात नाही. विधान परिषदेसाठी तेच आमदार मत देतात, ते मात्र गुप्तपणे. हा भेद कशासाठी, याचं पटणारं उत्तर मला सापडलेलं नाही.

२०२२ च्या जूनमध्ये दोन्ही पद्धती दहा दिवसांच्या अंतराने पाहायला मिळाल्या. १० तारखेला राज्यसभेच्या ६ जागांसाठी ७ उमेदवार होते. आमदार हॉटेलांतून बसने विधान भवनात आले. मतपत्रिका दाखवण्याच्या पद्धतीवरून शिवसेनेच्या एका आमदाराचं मत बाद ठरलं आणि पहिल्या पसंतीची मतं कमी असूनही भाजपचे धनंजय महाडिक निवडून आले. २० तारखेला परिषदेच्या १० जागांसाठी ११ उमेदवार. मतदान गुप्त. काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, भाजपचे पाचही आले. त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेच्या वाटेला लागले. म्हणजे उघड मतदानाने फूट थांबली नाही आणि गुप्त मतदानात ती कुणी केली हे कळलं नाही.

उघड मतदान पारदर्शक, असं म्हणतात. ते उघड असतं पक्षाच्या एका माणसापुढे. ज्या लाखो लोकांनी त्या आमदाराला विधान भवनात पाठवलं, त्यांना तो कागद कधीच दिसत नाही. मत सदसद्विवेकाचं मानायचं असेल तर ते पक्षापासूनही झाकावं. झाकायचं नसेल, तर निवडणूक आयोगाने निकालाबरोबर प्रत्येक आमदाराचा पसंतीक्रम नावानिशी प्रसिद्ध करावा. राज्यसभेचा आणि परिषदेचाही.