न प्यालेल्या पाण्याची राखण



आपल्या वसईत ज्यांच्या अंगणात अजून विहीर आहे, त्यांना पाणी मचूळ होणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. उपसा वाढला, बावखले बुजली आणि समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत सरकले. एकदा आत आलेले ते पाणी मागे ढकलणे किती कठीण, तेही आपण पाहतो आहोत. म्हणूनच दूर अमेरिकेत चाललेल्या एका वादाविषयी आज लिहावेसे वाटले.

हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे पृथ्वी तापते आहे. तेव्हा कारखान्यातून निघणारा हा वायू पकडायचा, दाबून द्रवासारखा दाट करायचा आणि खोल बोअर मारून निदान आठशे मीटर खालच्या सच्छिद्र वाळूच्या खडकात सोडायचा, असा एक उपाय आहे. वर घट्ट खडकाचे झाकण असावे लागते. नॉर्वे १९९६ पासून उत्तर समुद्राच्या तळाखाली हे करीत आला आहे. उपाय खुळचट नाही. पण ज्या बोअरमधून वायू खाली जातो, तो बहुधा पिण्याच्या पाण्याचा थर भेदूनच जातो. हा वायू पाण्यात मिसळला की सौम्य आम्ल बनते. ते लोखंड खाते, सिमेंट खाते, कधी खडकातले शिसे किंवा आर्सेनिकही पाण्यात उतरवते. शिवाय खालचे अतिखारे पाणी दाबामुळे एखाद्या विसरलेल्या जुन्या तेलविहिरीतून वर चढू शकते.

अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या रक्षणाचा कायदा १९७४ साली झाला. त्याखाली तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१० साली या विहिरींसाठी खास सहावा वर्ग निर्माण केला. परिसरातील जुन्या विहिरी शोधून गळक्या असतील त्या बुजवा, गंजणार नाही असे केसिंग वापरा, निदान दर पाच वर्षांनी हिशेब पुन्हा तपासा, दुरुस्तीसाठी पैशांची हमी द्या आणि वायू सोडणे थांबवल्यावरही साधारणपणे पन्नास वर्षे देखरेख ठेवा, असे हे नियम आहेत.

यातली एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. कोणते पाणी राखायचे? आज लोक पितात तेवढेच नव्हे. ज्या पाण्यात लिटरमागे दहा हजार मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार आहेत, असे पुरेसे भूजल हा कायदा पिण्याच्या पाण्याचा साठा मानतो. आपल्याकडील मानकाप्रमाणे पाचशेपर्यंत पाणी चांगले, दुसरी सोयच नसेल तर दोन हजारांपर्यंत चालते. दहा हजार म्हणजे तोंडात घेताच थुंकून टाकावे असे पाणी! समुद्राचे असते सुमारे पस्तीस हजार. मग जे कोणी पीत नाही, ते कशासाठी राखायचे? जग तापत असताना हे लाड नव्हेत का?

मला ते लाड वाटत नाहीत. काल टाकाऊ असलेले खारे पाणी आज यंत्राने गोड करून लोक पितात. उद्या कोणाला कशाची तहान लागेल हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? शोमरोनी स्त्री प्रभूला ज्या विहिरीपाशी भेटली, ती याकोबाने दिलेली होती. शेकडो वर्षांनीही तिला पाणी होते.

आता इलिनॉय राज्यातील डिकेटरची गोष्ट पाहा. तेथे आर्चर डॅनियल्स मिडलँड ही कंपनी मक्यापासून इथेनॉल करते आणि निघालेला वायू जमिनीत सोडते. सहाव्या वर्गाच्या परवान्याखाली हे काम २०१७ साली सुरू झाले. देखरेखीसाठी खणलेल्या एका विहिरीचेच पोलाद सुमारे पाच हजार फुटांवर गंजले आणि वायू व खारे पाणी परवानगी नसलेल्या थरात शिरले. राखणदारालाच भगदाड पडले म्हणायचे! पिण्याच्या पाण्याला धोका पोहोचलेला नाही, असे सांगण्यात आले. ते खरे धरू. पण वेळापत्रक पाहा. राज्याने या साठवणुकीचा कायदा केला जुलै २०२४ मध्ये, कंपनीला नियमभंगाची नोटीस गेली ऑगस्टमध्ये आणि लोकांच्या कानावर बातमी आली सप्टेंबरमध्ये. महिनाअखेरीस कंपनीने वायू सोडणे थांबवले. जवळच माहोमेट नावाचा भूजलसाठा आहे. त्यावर पाच लाखांहून अधिक माणसे जगतात. डिकेटरच्या विहिरी त्यातून जात नाहीत, तरी लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याने त्या साठ्याच्या क्षेत्रात अशा विहिरींना कायद्याने बंदी केली.

येथे सोपे उत्तर देऊन मोकळे होता येत नाही. वायू जमिनीत नको, तर तो आकाशात जाणार. समुद्र चढणार आणि त्याची खारट चव आधी लागणार ती आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या विहिरींना. इलिनॉयच्या विधानसभेत आपल्याला मत नाही. म्हणजे एका गावाने नकार दिला तरी कोणीतरी दुसरा, न विचारलेला, सोसतोच. म्हणून त्या गावाला विनंती करणे अन्याय नाही. अन्याय आहे तो उशिरा सांगण्यात.

आणखी एक अन्याय पैशाचा. असा एक टन वायू कायमचा गाडला तर अमेरिकेत ८५ डॉलरपर्यंत करसवलत मिळते. ती आज मिळते. वायू मात्र हजारो वर्षे तेथेच राहिला पाहिजे. नॉर्थ डकोटाला २०१८ साली या विहिरींची व्यवस्था स्वतःकडे मिळाली. तेथे काम संपल्यावर निदान दहा वर्षांनी, अटी पुऱ्या झाल्यास, जबाबदारी कंपनीकडून राज्याकडे जाते. राज्याकडे म्हणजे तेव्हाच्या करदात्यांकडे, ज्यांतले कित्येक आज पाळण्यात आहेत. कंपन्या कायम टिकत नाहीत, कोणीतरी शेवटी वारस हवाच, हे मान्य. पण नफा घेणाऱ्याने दहा वर्षांत मोकळे व्हावे, हे मनाला पटत नाही. पन्नास वर्षेही मला थोडीच वाटतात.

हा विषय आपल्यापासून फार दूर नाही. नीती आयोगाने २०२२ साली याविषयी अहवाल काढला. आपल्या देशात हा वायू कोठे साठवता येईल याचा विचार होतो, तेव्हा दख्खनच्या काळ्या पाषाणाचेही नाव घेतले जाते. महाराष्ट्रातील बहुतेक विहिरींचे पाणी त्याच पाषाणाच्या भेगांत आहे.