गप्प राहायचं बटण

बसा. मधेच डुलकी लागली तरी चालेल. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि तिथे पेंगणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही.

मंडईची, म्हणजे गावजत्रेची, रात्र आहे असं समजा. गाव वडशाहून फार लांब नाही. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत तणसावर तुम्ही बसला आहात, अंगावर चादर. मंचाच्या पायथ्याशी वादक आहेत: ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. खलनायक बोलता बोलता थबकतो. ऑक्टोपॅडवाल्याची काडी वर गेलेली, पण खाली येत नाही. सगळी बांधी त्या काडीकडे बघते. मग ठोका पडतो.

ठोक्याच्या आधीची ती जागा मनात धरून ठेवा.

आता अंगठ्याने बोटं मोजा. तीन पेरं आणि एक टोक, अशी चार बोटांची सोळा घरं. तीनताल असाच मोजतात. रोलँडच्या टीबी-३०३ या जुन्या यंत्रातही एका नमुन्यात जास्तीत जास्त सोळाच घरं. एकट्या गिटारवाल्याला सरावाला बेसची साथ मिळावी म्हणून जपानात ते काढलं. खपलं नाही, तीनेक वर्षांत बंद पडलं. मुंबईत मात्र हिंदी सिनेमात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी ते घेतलं, जोडीला टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, आणि १९८२ साली डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग बसवून तबकडी काढली. तिच्याकडेही फारसं कोणी पाहिलं नाही. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांनी याच यंत्रातून नाचाचं नवं संगीत काढलं आणि त्याचा जगभर गाजावाजा झाला. मुंबईची तबकडी पुन्हा निघाली २०१० मध्ये. तेव्हा कुठे लोकांनी कान टवकारले.

असो. यंत्र समोर आहे असं माना. पोथीएवढं, रुपेरी, तेरा पट्ट्यांचं. यात भूपाची एक ओळ भरायची आहे.

पेटी वाजवणारा इथेच अडतो, कारण हे यंत्र स्वर आणि काळ एकत्र घेत नाही. आधी नुसते स्वर द्या: सा रे ग प ग रे सा. लयीचा विचार करू नका, दोन स्वरांमध्ये पाणी पिऊन आलात तरी त्याला फरक पडत नाही. झाले सात. आता दुसरी फेरी, या वेळी नुसता काळ. बटणं तीन. पहिलं म्हणतं वाजव, दुसरं म्हणतं धरून ठेव, तिसरं म्हणतं गप्प.

सात स्वर सोळा घरांत टाकायचे आहेत. उरलेली नऊ घरं तुमची. सावकाश वाटा.

तिसऱ्या बटणावर बोट ठेवून थोडं थांबा. इथली शांतता आपोआप राहत नाही, तिच्यासाठीही बटण दाबावं लागतं. आणि गप्प घरात स्वर खर्च होत नाही, तो पुढच्या घरासाठी शिल्लक राहतो. त्यामुळे एक बटण चुकून जास्त दाबलं गेलं की तिथून पुढची ओळ एक घर सरकते. शिकताना मी असा कितीदा तरी घसरलो, आणि त्यातल्या एकदोन घसरणी मूळ ओळीपेक्षा बऱ्या निघाल्या.

आता नवव्या घराशी या. डिस्को तिथे पाय आपटतो. तीनतालात तिथे टाळी नसते, हात उलटा करतात; ती खाली. तुम्ही तिथे तिसरं बटण दाबा. ओळ मनात फिरवा. पुन्हा. सात, आठ, आणि काही नाही. दहा.

ऐकू आलं? काडी वर आहे.

हवं तर शेवटी एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरवण्याचं बटण द्या. मींडेचा भास होतो. भासच, कारण किती वेळात घसरायचं ते यंत्रच ठरवतं. ऑक्टोपॅडवाला नटाच्या चेहऱ्याकडे बघून थांबतो, ते तर याला कधीच जमणार नाही. तरी गप्प राहणं मोजून कसं करायचं, ते मला याच डबीने शिकवलं.

कुठे अशी एखादी हाती लागलीच, तर बंद असताना तिच्यातल्या बॅटऱ्या काढू नका. भरलेल्या ओळी त्यांच्यावरच टिकून असतात.