संक्रांत आणि सत्य

सत्य आणि रूढि यांचा झगडा मोठ्या प्रश्नांवरूनच होतो असा समज आहे. परंतु तो तिळगुळाच्या वाटींतूनहि उद्भवूं शकतो. गेल्या जानेवारींत वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस तिळगूळ दिला आणि लागलीच विचारलें, "सर, उत्तरायण तर २२ डिसेंबरच्या सुमारासच लागलें. मग आज आपण साजरें करतों तें काय?"

आम्हीं त्यास ज्योतिषाचें उत्तर दिलें. सूर्य उत्तरेकडे वळतो तो क्षण ऋतूंशीं बांधलेला आहे. तो मकर राशींत शिरतो तो क्षण ताऱ्यांशीं. दीड हजार वर्षांपूर्वीं हे दोन क्षण जवळजवळ एकच होते. परंतु पृथ्वीचा अक्ष भोंवऱ्याप्रमाणें डुलत सुमारें २६,००० वर्षांत एक फेरी घेतो. त्यामुळें ताऱ्यांनीं मोजलेलें वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारें २० मिनिटांनीं मोठें भरतें, व सुमारें ७१ वर्षांत एका दिवसाचें अंतर पडतें. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा. तेव्हां तारीख होती १२ जानेवारी १८६३. आज संक्रांत १४ वा १५ जानेवारीस येते.

उत्तर बरोबर होतें. परंतु प्रश्न ज्योतिषाचा नव्हता, नीतीचा होता. ज्याचा आधार सरकला आहे असें आपणांस ठाऊक आहे, तें आचरीत राहणें हा अप्रामाणिकपणा नव्हे काय?

हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालच्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या ग्रंथांत सायन पंचांगाचाच पक्ष घेतला. लोकमान्य टिळकांनीं पंचांगशोधनासाठीं परिश्रम केले. पुढें १९५२ सालीं मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें समिति नेमली, आणि २२ मार्च १९५७ पासून सायन मानाची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती सरकारी कागदांवर आली. तिळगूळ मात्र जुन्याच दिवशीं वाटला जातो. परंपरेचा आधार सांगणाऱ्यांनीं वराहमिहिराचें स्मरण ठेवावें. पूर्वीं उत्तरायण धनिष्ठांच्या आरंभीं होत असे, आतां तें मकरारंभीं होतें, असें त्यानें सहाव्या शतकांत स्पष्ट नोंदविलें आहे. आकाश पाहून ग्रंथ सुधारणें ही आपलीच परंपरा आहे.

असें असूनहि सणाचा दिवस असत्य आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. सण म्हणजे आकाशाविषयींचें विधान नव्हे. तो माणसांनीं माणसांशीं केलेला संकेत आहे. डिसेंबरांत एकट्यानेंच तिळगूळ वाटणारा गृहस्थ गणितांत बरोबर ठरेल, पण त्याच्यापुढें हात करणारा कोणी असणार नाहीं. शिवाय जानेवारींतहि थंडी असते, नवे तीळ व नवा गूळ घरांत आलेला असतो, भोगीच्या भाजीस पावटे, हरभरे, वांगीं मिळतात. ऋतूशीं असलेला धागा अजून तुटलेला नाहीं. 'आज सूर्य वळला' असें म्हणूं नये, एवढेंच पुरे.

परंतु येथेंच आम्हांस अडखळावें लागतें. 'सर्वांचा संकेत' या शब्दांच्या आड आणखी बरेंच कांहीं लपतें.

आमच्या घरीं आत्या असे. ऐन तारुण्यांत विधवा झालेली. संक्रांतीचा हलवा तिच्याच हातचा. शेगडीवर परात ठेवून, तिळांवर चमचाचमचा पाक सोडीत, तीन-चार दिवस ती हातानें दाणे हलवीत बसे, तेव्हां कोठें त्यांना कांटा येई. हळदीकुंकवाच्या दिवशीं तो हलवा बाहेरच्या खोलींत जाई, आणि आत्या स्वयंपाकघराच्या दाराआड बसे. तिला कोणी तेथें बसविलें नव्हतें. सर्वांचा संकेतच तसा होता. आम्ही पुढें पदवीधर झालों, अयनचलनावर व्याख्यानें दिलीं. पण "आत्या, बाहेर ये" हे तीन शब्द आमच्या तोंडून कधीं निघाले नाहींत. आतां ते ऐकावयास ती नाहीं.

तेव्हां संकेताची कसोटी कोणती? आम्हांस ती अशी दिसते: त्या संकेताचें मोल कोण देतें? संक्रांतीच्या तारखेंत तेवीस-चोवीस दिवसांचें अंतर आहे, पण त्यानें कोणाचें मन दुखावत नाहीं. हळदीकुंकवाच्या संकेतांत घटकेचीहि चूक नव्हती, तरी एक माणूस आयुष्यभर दाराआड राहिलें. मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाडच्या ग्रामसभेनें विधवांविषयींच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यासाठीं कोणास अयनांश मोजावे लागले नाहींत.

सत्याचा आग्रह जेथें स्वस्त पडतो तेथें आम्हीं तो धरला, आणि जेथें घरच्यांचा रोष पत्करावा लागला असता तेथें गोड बोलून वेळ निभावली. 'गोड बोला' या सांगण्याचा अर्थ 'गप्प बसा' असा खास नसावा. त्या विद्यार्थ्यास आम्हीं अर्धेंच उत्तर दिलें होतें. उरलेलें हें येथें लिहीत आहों.