टाळी कुणासाठी

दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन दिवस जास्तीचे काढून गावाला, लोणीला, थांबलो होतो. आत्याचा पोरगा तालुक्यातल्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. रात्री जेवताना म्हणाला, "दादा, उद्या म्याच हाये. आलास तर ये." मी गेलो.

मैदान मुरमाचं. एका बाजूच्या गोलला जाळी, दुसऱ्या बाजूला नुसते खांब. मी माणसं मोजली. मॅच बघायला धरून नऊ. त्यातला एक शिपाई, तो पोरांच्या पिशव्या राखत होता. एक ट्रॅक्टरवाला, त्याचं पंक्चर निघेपर्यंत उभा होता. राहिलो सात. कॉलेजचा पट म्हणे दोन हजारांच्या वर आहे.

गोलकीपरच्या मागं तर कुणीच नसतं. आमचं पोरगं मुरमावर आडवं पडून बॉल अडवत होतं. कोपर सोललं. उठलं, धूळ झटकली, परत उभं राहिलं. मी एकटाच ओरडलो. माझाच आवाज मला ओशाळवाणा वाटला, एवढं ते मैदान मोकळं होतं.

कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर मागासवर्गीय मुलांचं वसतिगृह आहे. आपली पोरं. बापाला सांगून, कर्ज काढून, कुणी रात्री कांद्याच्या गोण्या उचलून शिकणारी. त्यातलं एकही आलं नव्हतं. संध्याकाळी मी तिथं गेलो आणि विचारलं, का रं नाही आलात?

"साडेचारची एस्टी चुकती." हे खरं आहे. लोणी-धामणीकडं जाणाऱ्याला पुढची गाडी कधी मिळेल त्याचा भरवसा नाही. पण वसतिगृहात राहणाऱ्याला कुठली आलीय एस्टी?

"काम असतं." हेही खरं. त्यावर मी काही बोललो नाही.

पोरींना दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी विचारलं. एक म्हणाली, मैदानाच्या कडेला उभं राहिलं की गावचा कुणीतरी बघतो, रात्री घरी चौकशी होते. हे कारण मी आयुष्यात कधी धरलंच नव्हतं. पुरुषाला धरावं लागत नाही.

आणि एकजण, आपल्या अभ्यासवर्गाला येणारा, पुस्तक वाचणारा, तो म्हणाला, "कॉलेज काय आपल्या बापाचंय? महाडीबीटीचा फॉर्म भरून पाच महिने झाले, क्लार्क उद्या ये म्हणतो. ह्यांच्या नावानं आपण टाळ्या वाजवायच्या? आपला बहिष्कार हाय."

सगळे हसले. मीही हसलो. पण परतीच्या प्रवासात, आणि मग गिरणीत तिसऱ्या पाळीला रिंग फ्रेमच्या मधनं चालताना, हेच डोक्यात. हा बहिष्कार आहे का?

कॉलेज आपल्या बापाचं नाही, हे शंभर टक्के कबूल. फलकावर नावं बघा. संस्थापक कोण, अध्यक्ष कोण, सत्कार कुणाचे होतात, गॅदरिंगला पहिल्या रांगेत कोण बसतं. आपल्या पोराकडून पावतीवर जिमखाना फी घेतात आणि फुटबॉल मागितला तर मागच्या सालचा फाटका देतात. जे आपल्याला मोजत नाही त्याच्यासाठी घसा कोरडा का करायचा? माणूस टाळी फुकट वाजवत नाही. मी ह्याच्यातला, हे मला माहीत असेल तर हात आपोआप वर जातो.

आमच्याच भागात बघा. बैलगाडा शर्यतीवर 2014 साली सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, 2021 च्या डिसेंबरात ती सशर्त उठली, 2023 च्या मेमध्ये घटनापीठानं शर्यतीचा कायदाच मान्य केला. आता परत यात्रेला घाट भरतात. हीच कॉलेजची पोरं लेक्चर बुडवून, दोन-दोन गाड्यांवर सहा-सहा जण, घाटावर हजर. भिर्रर्र झालं की आभाळ फाटेल असं ओरडतात. का? तर माईकवरून गावाचं नाव पुकारलं जातं, बैलाच्या मालकाचं नाव पुकारलं जातं, बारी आपल्या गावची असते. ज्याचं नाव पुकारलं त्याचं सगं ऊन सोसून उभं राहतं. आणि आपली माणसं? तीही जातात. गळ्यात हलगी अडकवून आज्जाही जायचा. त्याचं नाव माईकवरून कुणी घेतल्याचं त्यानं कधी सांगितलं नाही.

आता कोल्हापूर. मी सध्या इचलकरंजीच्या बाजूला सूतगिरणीत आहे, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. खोलीतला जोडीदार मला शाहू स्टेडियमवर घेऊन गेला. पाटाकडील आणि दिलबहार. बसायला जागा नाही, पोरं भिंतीवर. म्हातारे सुद्धा. एक चहावाला गाडा बंद करून आत आला होता. मला वाटलं होतं महाराष्ट्रात फुटबॉल बघायला माणूस येत नाही. तर तसं नाही. जोडीदाराला विचारलं, ह्यातली कॉलेजची किती? म्हणाला, निम्मी. मग कॉलेजच्या मॅचला ही जातात का? तो म्हणाला, "कॉलेजच्या? कुणाची असतीया ती?"

त्या एका वाक्यात सगळं आलं. तालीम पेठेची. तिच्या वर्गणीची पावती याच पोरांनी फाडलेली. मांडव यांनीच घातलेला, पूर आला तेव्हा माणसं यांनीच काढलेली. तालीम कुणी त्यांना दिली नाही, राबून राबून ती त्यांची झाली. कॉलेज तीन वर्षांचं असतं. फी भर, पेपर दे, सर्टिफिकेट घे, चालू पड. गिऱ्हाईक दुकानाच्या नावानं घोषणा देत नाही.

म्हणजे वसतिगृहातल्या त्या पोराचं बरोबर आहे? इथपर्यंत आहे. पण बहिष्कार हा शब्द त्यानं वापरला, तिथं माझं अडतं. तो शब्द आपल्याला स्वस्त नाही. आपल्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या घातला गेलाय, आणि आपण तो उलटवला तेव्हा उघड सांगून उलटवलाय.

यासाठी मला पाळवणकर बाळू आठवतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांना तो ठाऊक नसतो, आणि ठाऊक असतो त्यांना अर्धाच. चांभार समाजातला पोरगा. पुण्यात पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडायला, लोळवायला होता. मग गोऱ्यांच्या क्लबात चार रुपयांवर. तिथं साहेबांना नेटमध्ये बॉलिंग टाकून टाकून देशातला पहिल्या दर्जाचा डावखुरा बॉलर झाला. पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं म्हणून त्यांनी त्याला घेतलं. मैदानात त्यानं टाकलेल्या बॉलला शिवायला सगळे तयार, चहाच्या वेळी मात्र तो पॅव्हेलियनच्या बाहेर, त्याला मातीच्या भांड्यात चहा आणि बाकीच्यांना कपबशी. 1906 साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्यात हा होता. 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यात यानं 114 बळी घेतले. कप्तान मात्र कधी केला नाही.

1920 साली कप्तानपदाच्या वेळी घराण्याला परत डावललं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्याच्या धाकट्या भावांनी निवेदन काढलं, कारण सांगितलं आणि टीममधून बाहेर पडले. लोकांत चर्चा झाली. 1923 साली विठ्ठल हिंदूंचा कप्तान झाला. याला म्हणतात नकार. त्यांनी "साडेचारची एस्टी चुकती" असं सांगितलं नाही. नकाराला पत्ता लागतो. कुणाला नाकारतो, कशासाठी, काय झालं तर परत येऊ, हे समोरच्याला कळावं लागतं. महाडला 20 मार्च 1927 ला बाबासाहेब तळ्यावर गेले, ते घरी बसून तळ्यावर रुसले नव्हते.

आपण मैदानावर गेलो नाही हे त्या कॉलेजच्या अध्यक्षाला कळलं का? शक्य नाही. तोच मैदानावर नव्हता! क्लार्कला कळलं? तोही नव्हता. कळलं फक्त अकरा पोरांना. आपण ज्याला दगड मारला म्हणतो तो तिथं नव्हताच, आणि दगड लागला सोललेल्या कोपराच्या पोराला.

बाळूचं आणखी एक सांगायचंय. 1911 च्या दौऱ्याहून तो परतला तेव्हा मुंबईत अस्पृश्य समाजानं त्याचा सत्कार केला. त्या सत्कारात तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याचा वाटा होता, असं रामचंद्र गुहांनी लिहिलंय. कॉलेजचा विद्यार्थी, वीस वर्षांचा. बाळू त्याच्या कॉलेजचा नव्हता, त्याच्या जातीचाही नव्हता. आणि ज्या टीमचं नाव "हिंदू" होतं, त्या नावाबद्दल या विद्यार्थ्याला पुढं काय म्हणायचं होतं ते 1935 ला येवल्यात सगळ्या देशानं ऐकलं. तरी तो गेला. पुढं 1932 ला बाळू पुणे कराराच्या वेळी समोरच्या बाजूला उभा राहिला, 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्याला मुंबईत खुद्द बाबासाहेबांच्या विरोधात उभं केलं, बाबासाहेबांनी त्याला हरवलं. सत्कार सत्काराच्या जागी, निवडणूक निवडणुकीच्या जागी. आपल्या अभ्यासवर्गात मात्र एका माणसाबद्दल दोन गोष्टी धरायची सवय मोडत चाललीय.

हे मी वसतिगृहातल्या त्या मित्राला फोनवर सांगितलं. तो हुशार आहे, लगेच पकडलं त्यानं. "म्हंजे आपला गोलकीपर हाय म्हणून जायचं. मग तसं सांग की. कॉलेजचं कशाला लावतो?"

मी गप्प. कारण त्या दिवशीचं एक मी त्याला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगतो.

आपल्या बाजूनं एकच गोल झाला. डाव्या अंगाला पळणारं एक काटक पोरगं होतं, पश्चिमेकडच्या डोंगरातलं, महादेव कोळ्याचं. मधल्या दोघांना चकवून त्यानं गोल मारला. सुंदर गोल. त्यानं वळून कडेकडं बघितलं. माणूस बघतोच, कुणीतरी बघितलं का म्हणून. आणि मी हाताची घडी घालून उभा होतो. कोपर सोललं तेव्हा ओरडणारा मी, गोल झाल्यावर गप्प. का, तर तो माझा नव्हता. डिंभ्याच्या धरणात त्याच्या लोकांच्या जमिनी बुडाल्या, ते पाणी आमच्या पूर्व पट्ट्यापर्यंत नीट पोचलं नाही, एकाच धरणानं दोघांना कोरडं ठेवलं, हे मी भाषणात बोलतो. मैदानावर मात्र मी माझं पोरगं तेवढं निवडून टाळी वाजवली. मुंबईत हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन अशा टीमा करून वर्षानुवर्षं सामने खेळवले, आणि प्रत्येकानं आपापल्याच्याच नावानं ओरडायचं. मी एकट्यानं त्या मुरमावर तेच केलं. बंधुता हा शब्द आपण ठरावात शेवटी घेतो, वाचणाऱ्याचा श्वास संपत आलेला असतो तेव्हा.

मग आता मी त्या मित्राला काय म्हणू? कॉलेजसाठी जा, असं म्हणणार नाही. जिंकले तर ढाल अध्यक्षाच्या कपाटात जाईल, फोटो माहितीपत्रकावर छापतील, आणि फोटोत मधोमध कोण बसेल हे आपल्याला पाठ आहे. छापू द्या. पण नागराज मंजुळेचा 2022 चा "झुंड" आपण शिट्ट्या वाजवत बघितला ना? त्यात कॉलेज आणि झोपडपट्टीच्या मध्ये भिंत आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातल्या विजय बारसे या खेळाच्या शिक्षकानं झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, त्यावरनं तो सिनेमा. भिंतीपलीकडच्या पोरांसाठी आपले डोळे भरले. आपण तर भिंतीच्या आत आलोय. बाबासाहेबांनी सिद्धार्थ, मिलिंद काढली ती काय नुसत्या सर्टिफिकेटासाठी? आत आलेल्यानं आतल्या मैदानावरही पाय टाकायला नको का? जिमखाना फी आपण भरली, तर फाटका बॉल बदला म्हणून अर्ज करायला आपण का नाही? आणि अर्ज करणाऱ्यानं कधी मॅच बघितलीच नसेल तर क्लार्क त्याला काय म्हणेल?

एस्टीचा, कामाचा, पोरींच्या घरच्या चौकशीचा प्रश्न यानं सुटत नाही, हे कळतं मला. ज्याला गोण्या उचलायच्या आहेत त्यानं गोण्याच उचलाव्यात. मी फक्त त्याच्याशी भांडतोय ज्याला वेळ होता आणि जो खाटेवर पडून मोबाईलवर स्पेनची मॅच बघत होता. होता तो. त्यानं स्वतः सांगितलं.

परवा आत्याच्या पोराचा फोन आला. पुढची मॅच पंधरा दिवसांनी, तिकडच्याच मैदानावर. मी पाळी बदलून मागितलीय, मुकादम अजून हो म्हणत नाही. त्या डाव्या अंगाच्या पोराचं नाव मी फोनवर विचारून घेतलं. वसतिगृहातला मित्र येतो म्हणालेला नाही. तो म्हणाला, आधी स्कॉलरशिपच्या खिडकीवर मोर्चा काढू, मग मॅचचं बघू. मी म्हणालो, मोर्चाला त्या अकरा जणांना बोलवायचं का? तो म्हणाला, "येतील ते?"

"तू गेलावता का?" मी म्हणालो. त्यावर तो काही बोलला नाही, आणि माझं बॅलन्स संपत आलं होतं.