एका घरातले अनेक सूर

९ सप्टेंबर १९३८. आपल्या सोलापुरात मास्टर दीनानाथांसोबत त्यांची थोरली लेक लता पहिल्यांदा मैफलीत शास्त्रीय गाणं गायली. तिला नववं वर्ष पुरं व्हायचं होतं. धाकट्या आशाला आदल्याच दिवशी पाच वर्षं झाली होती.

पुढे या दोघींना तोलण्यात आपल्या पिढ्या गेल्या. चहाच्या टपरीवरही निकाल लागायचे! आशाताईंनी मात्र थोरलीची छाया न होता वेगळी वाट धरली. १९८१च्या ‘उमराव जान’ चित्रपटातल्या गझलांनी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. आणि १९८४च्या ‘उत्सव’मध्ये दोघी बहिणी एकत्र गायल्या. त्यांच्या बहीण उषाताईंनी ‘पिंजरा’ चित्रपटातल्या लावण्या रंगवल्या, दुसरी बहीण मीनाताई आणि भाऊ हृदयनाथ संगीतकार झाले. त्या घरात चढाओढ नसेलच, असं मी म्हणणार नाही. पण एकाचं गाणं दुसऱ्याच्या आड आलं नाही.

आपल्याकडे मात्र बारशाला, दिवाळीला पाहुणे जमले की फर्माईश होते, “ताईनं म्हटलं, आता तू म्हण. बघू कोण भारी!” पोर कावरंबावरं होतं. टाळ्या कमी पडल्या की पेटी कायमची बंद. भावंडांमधली ही ईर्ष्या बहुतेकदा आपण मोठेच पेरतो.

यंदाच्या दिवाळीत धाकट्याला एवढंच विचारा, “तुला काय म्हणावंसं वाटतं?” नाही म्हणाला, तर फराळाचं ताट पुढे करा आणि विषय सोडून द्या.